ऑनलाइन अभ्यासक्रम दिव्यांग विद्यार्थ्यांना वापरता येतो का? अडचणी कुठे येतात, कायदा काय सांगतो, दाद कुठे मागायची

मांजरी : मांजरी बुद्रुक 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलं. पण पदवीचं शिक्षण म्हटलं की मांजरीच्या पोरांना अजूनही हडपसर गाठावं लागतं, नाहीतर थेट पुणे. नदीपलीकडच्या मांजरी खुर्दची आणि पुढच्या वाड्या-वस्त्यांची तर बातच सोडा. धडधाकट पोराला हा रोजचा प्रवास नुसता वैतागाचा असतो. दृष्टी नसलेल्या मुलीला किंवा व्हीलचेअरवरच्या मुलाला याच प्रवासामुळे शिक्षण सोडावं लागतं. म्हणूनच विद्यापीठांचे अभ्यासक्रम मोबाईलवर आले तेव्हा त्याचा सगळ्यात जास्त फायदा याच मुलांना व्हायला हवा होता. बस नको, जिना नको, कुणाचा हात धरायला नको.

प्रत्यक्षात मात्र बऱ्याच ठिकाणी उलटं घडतं. कोर्स उघडतो, पण नोट्स वाचता येत नाहीत. व्हिडिओ दिसतो, पण कळत नाही. चाचणी सुरू होते आणि उत्तर लिहून होण्याआधीच बंद पडते. यातल्या बहुतेक अडचणी महागड्या यंत्रांच्या नाहीत. फाईल कशी बनवली आणि कशी चढवली, एवढ्यावर त्या अवलंबून असतात. दुरुस्ती बऱ्याचदा पाच-दहा मिनिटांची असते आणि ती करणारा माणूस कॉलेजच्या स्टाफरूममध्येच बसलेला असतो.

हा विषय आता ऐच्छिक राहिलेला नाही

केंद्र सरकारचं 'स्वयम' हे पोर्टल जुलै 2017 मध्ये सुरू झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021 मध्ये नियम बदलून एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम'वरून पूर्ण करायची मुभा दिली. आधी ही मर्यादा 20 टक्के होती. नव्या शैक्षणिक धोरणाने क्रेडिटची पद्धत आणल्यावर ऑनलाइन विषयांचं वजन आणखी वाढलं. शिवाय नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहेच. 1989 मध्ये 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन ते निघालं. नोकरी, शेती किंवा घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ते जसं आहे, तसंच घराबाहेर पडणं अवघड असलेल्यांसाठीही आहे.

त्यातच कोरोनानंतर प्रत्येक कॉलेजात काही ना काही ऑनलाइन शिल्लक राहिलं. कुठे मूडल, कुठे गुगल क्लासरूम, तर कुठे नुसता व्हॉट्सॲप ग्रुप आणि त्यात पडणारे पीडीएफ. आपल्या भागात अभ्यासक्रमाचं खरं 'पोर्टल' बऱ्याचदा हा ग्रुपच असतो, हे विसरून चालणार नाही.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 29 लाख 63 हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. तेव्हा आठच प्रकारची अपंगत्वं मोजली होती. 2016 च्या कायद्याने ती 21 केली. त्यात डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी, सिकलसेल, पार्किन्सन हेही आले. म्हणजे वर्गातली अडचण असलेली मुलं शिक्षकाला वाटतात त्यापेक्षा जास्त असू शकतात, आणि त्यातली कित्येक दिसून येत नाहीत.

फोटो काढून पाठवलेल्या नोट्स

अंध विद्यार्थी मोबाईल किंवा संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या मदतीने. पडद्यावरचा मजकूर हे सॉफ्टवेअर मोठ्याने वाचून दाखवतं. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' असतो. संगणकावर 'एनव्हीडीए' फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 2006 मध्ये त्याचं काम सुरू केलं आणि आज तो जगभर वापरला जातो. दोन्हींवर मराठी आवाज चालतो. म्हणजे साधन विद्यार्थ्याच्या हातात आहे, तेही पैसे न मोजता.

मात्र स्क्रीन रीडर अक्षरं वाचतो, चित्र वाचत नाही. सरांनी वहीतल्या नोट्सचे फोटो काढले, त्यांची पीडीएफ केली आणि ग्रुपवर टाकली, की डोळस मुलांचं काम झालं. अंध मुलाला ऐकू येतं ते एवढंच, की इथे एक चित्र आहे. झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून आणलेल्या पुस्तकाचंही तसंच. पानं दोनशे, शब्द शून्य.

यावर सोपा इलाज आहे. अशी पीडीएफ गुगल ड्राइव्हवर चढवून 'गुगल डॉक्स'मध्ये उघडली, तर चित्रातली छापील अक्षरं ओळखून त्याचा मजकूर तयार होतो. देवनागरीलाही हे चालतं. जोडाक्षरांत चुका राहतात, तक्ते विस्कटतात, म्हणून कुणीतरी एकदा नजर फिरवावी लागते. हस्ताक्षराच्या बाबतीत त्याच्यावर फार भरवसा ठेवू नये. ज्या नोट्स दरवर्षी त्याच वापरल्या जातात, त्या एकदा टाइप करून घेणं हाच खरा उपाय.

टाइप केलेलं असूनही वाचता न येणारं मराठी

इथे मराठीचा स्वतःचा एक घोळ आहे. इंग्रजीतल्या मार्गदर्शक पुस्तिकांत तो सापडत नाही, त्यामुळे कॉलेजांच्या लक्षातही येत नाही.

युनिकोड रुळण्याआधी मराठी टाइपिंग कृतिदेव, श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांत व्हायचं. डीटीपीच्या दुकानांत आणि प्रश्नपत्रिकांच्या कामात ते आजही दिसतात. या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच राहतं, फक्त त्याचा चेहरा मराठी दाखवला जातो. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला की फाईलमध्ये साठवली जातात ती ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं. डोळ्यांना 'मराठी' दिसतं. स्क्रीन रीडर मात्र जे साठवलंय तेच वाचणार. अख्खा धडा असाच बडबडतो आणि ऐकणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही.

फाईल अशी आहे की नाही, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपच्या मेसेजमध्ये चिकटवायची. मराठीच आली तर ठीक, इंग्रजी अक्षरांचा कचरा आला तर फाईल जुन्या फॉन्टातली, आणि काहीच कॉपी झालं नाही तर तो फोटो. जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. मूळ फाईल डीटीपीवाल्याकडे असेल तर काम आणखी सोपं. यापुढे छपाईला देतानाच 'युनिकोडमध्ये करा' एवढं सांगितलं, तर पुढचा सगळा ताप वाचतो. संगणकावरच्या भारतीय लिपींचं एवढं मोठं काम सी-डॅकमुळे ज्या पुण्यात झालं, त्या पुण्याच्या पंचक्रोशीत हे अजून सांगावं लागतं, हे जरा खटकतंच.

मजकूर युनिकोडमध्ये असला तरी त्याला बांधणी लागते. वर्डमध्ये मथळा नुसता ठळक आणि मोठा करून भागत नाही, त्याला 'हेडिंग'ची शैली लावावी लागते. मग अंध विद्यार्थी एका बटणावर एका मथळ्यावरून पुढच्या मथळ्यावर उडी मारू शकतो. नाहीतर चाळीस पानांत तिसरं प्रकरण शोधायला पहिल्यापासून सगळं ऐकत बसावं लागतं. चित्राला दोन ओळींचं वर्णन जोडायचं. 'ऊसाच्या पेऱ्याचा आडवा छेद, बाहेरून आत तीन थर' असं लिहिलं तर उपयोग आहे, 'चित्र 4' म्हणून काय कळणार? वर्डमध्येच 'चेक ॲक्सेसिबिलिटी' नावाची सोय आहे, ती कुठे काय राहिलं ते दाखवते. गणित आणि विज्ञानाची समीकरणं चित्र म्हणून चिकटवण्याऐवजी समीकरणाच्या साधनातून लिहावीत, म्हणजे ती वाचता येतात.

ऐकू न येणाऱ्यांसाठी व्हिडिओ

कर्णबधिर विद्यार्थ्याची अडचण नेमकी उलटी. पीडीएफ त्याला चालते, अडतो तो व्हिडिओवर. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलतात, उपशीर्षकं नसतात आणि तासाभराच्या व्याख्यानातून त्याला मिळतात ती फळ्यावरची चार सूत्रं.

यंत्राकडून आपोआप मिळणाऱ्या उपशीर्षकांवर सोडून देणं धोक्याचं आहे. शिकवताना आपल्याकडे वाक्य मराठी आणि संज्ञा इंग्रजी असं मिश्रण असतं आणि यंत्र नेमकं तिथेच चुकतं. विषयाचा मुख्य शब्दच चुकीचा उमटला तर उपशीर्षक नसलेलं बरं. शिक्षकाने व्याख्यानाचे मुद्दे आधी लिहून काढले आणि तोच मजकूर व्हिडिओसोबत दिला, तर अर्ध्याहून जास्त काम होतं. एनपीटीईएलने आपल्या अनेक व्याख्यानांचे लिखित उतारे उपलब्ध केले आहेत. ते फक्त कर्णबधिरांनाच उपयोगी नाहीत. जिथे नेट रडतखडत चालतं, तिथे व्हिडिओ न उघडता अभ्यास करायला बाकीचेही ते वापरू शकतात.

तरीही उपशीर्षकांनी सगळं भागत नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा खुणांची असते, लिखित मराठी ही त्यांच्यासाठी नंतर शिकलेली भाषा. त्यामुळे लांबलचक वाक्यांची उपशीर्षकं त्यांना जड जातात. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत 2015 मध्ये स्वतंत्र संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झालं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मात्र पदवीच्या विषयांसाठी दुभाषे मिळणं ही आजही खरी टंचाई आहे, आणि कॉलेजच्या पातळीवर तिला झटपट उत्तर नाही.

हात, डोळे आणि घड्याळ

काही विद्यार्थ्यांना दिसतं, ऐकू येतं, पण माऊस धरता येत नाही किंवा बोटं थरथरतात. त्यांच्यासाठी पोर्टलवरची प्रत्येक गोष्ट नुसत्या कीबोर्डवर करता आली पाहिजे. तपासायचं तर माऊस बाजूला ठेवावा आणि फक्त 'टॅब' आणि 'एंटर' दाबत लॉगिनपासून चाचणी जमा करण्यापर्यंत जाऊन पाहावं. कुठे अडलं ते लगेच कळतं. चित्र ओढून जागेवर ठेवायचे प्रश्न इथे हटकून अडतात. अंध विद्यार्थी अडतो तो बहुधा लॉगिनलाच, कॅप्चाची वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावली की. अल्पदृष्टीच्या मुलांना फिक्या पिवळ्या पार्श्वभूमीवरची करडी अक्षरं दिसत नाहीत. वेबसाइटचे जागतिक निकष अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या फरकाचं प्रमाण किमान 4.5 ला 1 ठेवायला सांगतात.

सगळ्यात जास्त रडकुंडीला आणते ती वेळ लावलेली ऑनलाइन चाचणी. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत पात्र दिव्यांग विद्यार्थ्याला तासाला किमान 20 मिनिटं जादा द्यायची असतात. तीन तासांच्या पेपरला एक तास. केंद्रावरच्या परीक्षेत हे साधारण माहीत असतं. अंतर्गत गुणांच्या ऑनलाइन चाचणीत मात्र सगळ्यांना एकच घड्याळ लागतं आणि वेळ संपली की पान बंद. मूडलमध्ये एखाद्या विद्यार्थ्यापुरती वेळ वाढवायची सोय आधीपासून आहे, चाचणीच्या सेटिंगमध्ये त्याचं नाव निवडून मिनिटं बदलायची. शिक्षकाला माहीत नसेल तर ती सोय असून नसल्यासारखी.

चाळीस टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व असलेल्यांचं काय? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार खटल्यात सांगितलं, की लिहिण्यात खरी अडचण असेल तर 40 टक्क्यांची अट दाखवून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने अशा उमेदवारांसाठीही स्वतंत्र सूचना काढल्या.

कायदा : 'करावं'चं 'केलंच पाहिजे' झालं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के जागा राखीव, हे कलम 32 बहुतेकांना माहीत असतं. कलम 42 फारसं कुणी सांगत नाही. दृक्श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात असेल, यासाठी सरकारने पावलं उचलायची आहेत. प्रवेश मिळाला पण वाचायला काही मिळालं नाही, तर त्या 5 टक्क्यांचा उपयोग काय, या प्रश्नाचं उत्तर याच कलमात आहे.

अंमलबजावणीत मात्र खोट राहिली होती. कायद्यात सक्तीची भाषा, तर नियम 15 मध्ये नुसत्या मार्गदर्शक सूचनांचा हवाला. पाळल्या तर पाळल्या. सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात हीच विसंगती दाखवून नियम 15 (1) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान निकष बंधनकारक करायला केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. पुढे 30 एप्रिल 2025 रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने सांगितलं. तो खटला ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांच्या बँक केवायसीचा होता, पण तत्त्व विद्यापीठाच्या पोर्टललाही लागू पडतं.

निकष नाहीत म्हणून थांबलोय, असं कुणाला म्हणता येत नाही. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 17802 हे मानक 2021 आणि 2022 मध्ये दोन भागांत आलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचना 2022 मध्ये काढल्या. कॉलेज नवीन सॉफ्टवेअर घेतं तेव्हा टेंडरमध्ये किंवा कोटेशन मागवताना हे मानक लिहिलं, तर पुरवठादाराला ते पाळावं लागेल. घेऊन झाल्यावर बदल मागितले की वेगळं बिल येतं, हा व्यवहार सगळ्यांनाच माहीत आहे.

ग्रंथपालांना सतावणारी एक शंका कॉपीराइटची असते. पुस्तक स्कॅन करून अंध विद्यार्थ्याला दिलं तर गुन्हा होतो का? 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यातच सवलत दिली आहे. दिव्यांग व्यक्तीसाठी, नफा न कमावता, वाचता येईल अशी प्रत करणं हा भंग नाही. याच विषयावरचा मराकेश करार 2014 मध्ये स्वीकारणारा भारत हा जगातला पहिला देश होता. 2016 मध्ये सुरू झालेल्या 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयात अशी तयार पुस्तकं मिळतात, तेव्हा स्कॅनिंगला बसण्याआधी तिथे शोधावं.

बर्कलीने वीस हजार व्हिडिओ काढून टाकले तेव्हा

अमेरिकेतही हे आपसूक झालं नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या फुकट ऑनलाइन व्याख्यानांना नीट उपशीर्षकं नाहीत म्हणून तिथल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने 2015 मध्ये दावे लावले. हार्वर्डने 2019 मध्ये आणि एमआयटीने 2020 मध्ये तडजोड करून उपशीर्षकं द्यायचं मान्य केलं. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने मात्र 2017 मध्ये दुसराच मार्ग धरला. सरकारी चौकशीत त्रुटी दाखवल्या गेल्यावर विद्यापीठाने 20 हजारांहून अधिक व्हिडिओ आणि ध्वनिफिती सार्वजनिक वापरातून काढून घेतल्या. दुरुस्त करण्यापेक्षा बंद करणं स्वस्त पडलं. मागणी करणाऱ्यांना काही मिळालं नाहीच, उलट ज्यांना मिळत होतं त्यांचंही गेलं, आणि बोल लागला तो दिव्यांगांना.

आपल्याकडेही हा धोका आहे. 'एकासाठी सगळ्यांचं बंद' असं कॉलेजात ऐकू आलं, तर ती मागणी मुळात कोणत्या फाईलची होती, ते आधी पाहावं. बहुधा दोन-चार पीडीएफचाच प्रश्न असतो. जुनं सगळं एकदम दुरुस्त होत नाही, हेही खरं. म्हणून चालू सत्राचं साहित्य आधी, प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचे विषय त्याहून आधी, आणि मागचं साठलेलं सवडीने, हा क्रम धरला तर काम आवाक्यात येतं.

विद्यार्थ्याने काय करायचं

पहिली गोष्ट यूडीआयडी कार्ड. जून 2021 पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र याच ऑनलाइन पद्धतीने मिळतं. प्रवेशातलं आरक्षण, शिष्यवृत्ती आणि परीक्षेतल्या सवलती या सगळ्याला ते लागतं. कार्ड यायला वेळ लागतो, तेव्हा बारावीच्या वर्षातच अर्ज केलेला बरा.

प्रवेश झाला की सत्र सुरू होण्याआधी प्राचार्यांच्या नावाने लेखी अर्ज द्यावा, आणि पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं सत्राच्या गडबडीत विसरलं जातं. अर्जात 'सहकार्य करावे' असं मोघम न लिहिता नेमकं मागावं : अमुक विषयाच्या नोट्स युनिकोडमध्ये हव्यात, चाचणीला तासाला 20 मिनिटं जादा हवीत, व्हिडिओसोबत लिखित मुद्दे हवेत. 'स्वयम'चा विषय घेतला असेल तर अंतिम परीक्षेसाठी केंद्रावर जावं लागतं. लेखनिक किंवा जादा वेळ हवा असेल तर परीक्षेचा फॉर्म भरतानाच तशी नोंद करावी. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी असेल तर अर्ज अभ्यासकेंद्रावर द्यावा आणि एक प्रत विभागीय केंद्राला पाठवावी.

कायद्याच्या कलम 23 प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे. तिथे काम झालं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. मांजरीकरांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट म्हणजे हे आयुक्तालय मुंबईत नाही, पुण्यातच आहे. आयुक्तांना चौकशीत साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली, की संबंधित संस्थेला तीन महिन्यांत केलेली कारवाई कळवावी लागते. तक्रारीसोबत आधीच्या अर्जाची पोच, न वाचता येणारी फाईल जशीच्या तशी आणि अडलेल्या पानाचा स्क्रीनशॉट जोडावा. मजकूर मराठीत लिहिला तरी चालतो.